चार नंबरच्या टाकीतलं तेल

वस्तू तेलात बुडवायच्या आणि त्यांचं काय होतं ते बघत बसायचं, हा माझा गेल्या एकोणीस वर्षांचा उद्योग. नेमणुकीच्या कागदावर मी ‘साहित्य-विश्वासार्हता विभागाची प्रमुख’ आहे. लातूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या संगणककेंद्रात मात्र मला सगळे बरणीबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही, पण भिंतीलाही कान असतात आणि माझे तर अजून शाबूत आहेत.

नाव चुकीचंही नाही. माझ्या खोलीत चारशेच्या वर काचेच्या बरण्या आहेत. प्रत्येकीत तेल, आणि तेलात एखादी क्षुल्लक वस्तू: वायरीचा तुकडा, रबराची कडी, चिकटवायचं लेबल, रंगाचा पापुद्रा, स्क्रू. बरण्या साठ अंशांवर तापवलेल्या कपाटात महिनोन् महिने राहतात. लोक लोणचं घालतात तशी मी वायरी घालते. फरक इतकाच, की माझी बरणी मुरली की मी नापास करते.

हे सगळं कशासाठी, ते सांगते. संगणक तापतो. पूर्वी त्याला पंख्याची हवा घालायचे, मग पाणी खेळवायला लागले. आमच्या गावाने एकेकाळी रेल्वेने आणलेलं पाणी प्यायलं आहे. इथे यंत्रांना पाणी पाजायचं म्हटलं असतं तर लोकांनी केंद्राला कुलूप ठोकलं असतं. म्हणून आम्ही यंत्रं सरळ तेलात बुडवली. तेलातून वीज वाहत नाही, आणि तेवढ्याच हवेपेक्षा ते हजारपटीहून जास्त उष्णता उचलतं. टाकी भरायची, चिप बसवलेली कार्डं उभी सोडायची, तेल हळूहळू फिरवायचं. ना पंख्याचा गोंगाट, ना पाण्याचा थेंब.

पण तेल दिसतं तितकं गरीब नाही. ते विरघळवतं. प्लास्टिकच्या वायरीला मऊ ठेवणारा जो पदार्थ असतो, तो तेल हळूहळू शोषून घेतं आणि वायर वाळक्या काडीसारखी मोडते. रबर कधी फुगतं, कधी आक्रसतं. लेबलाचा गोंद सुटतो आणि लेबल टाकीत तरंगायला लागतं. चिपच्या डोक्यावर उष्णता वाहून न्यायला लावलेला मलम धुऊन जातो. यातलं काहीच पहिल्या आठवड्यात होत नाही. सगळं होतं ते वर्षा-दीड वर्षाने, आपण निर्धास्त झालो की. म्हणून मी नियम केला: सहा महिने माझ्या बरणीत राहिल्याशिवाय कुठलीही वस्तू टाकीत जाणार नाही. कलम चार. ते मी स्वतः लिहिलं, आणि त्यावरून अर्ध्या केंद्राशी भांडलेसुद्धा.

आता माझ्या नवऱ्याबद्दल. रेवणअप्पा कलशेट्टी म्हटलं की लातूरच्या आडत बाजारात आजही हमाल मान वर करतात. तीस वर्षं त्यांनी धान्याचे लिलाव पुकारले. आवाज असा, की दोन गल्ल्या पलीकडचा माणूस तुरीचा ढीग न बघता बोली वाढवायचा. घरातसुद्धा ते साधं बोलत नसत. मी दोन भाकरी जास्त थापल्या तर, “महानंदा, आज लिलाव काढायचाय का भाकरीचा? चढवा, चढवा बोली!” मी वैतागायची. चार वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी झाली, आणि त्या माणसाकडे एकच शब्द उरला. “हां.” भूक लागली, हां. दुखतंय, हां. नको, तरी हां. समजत सगळं होतं, सापडत काही नव्हतं. दोन वर्षांहून जास्त काळ घरात तेवढाच एक शब्द होता, आणि ज्या बडबडीला मी वैतागायची तिच्यासाठी मी न्हाणीत नळ सोडून रडायची.

मग नव्या जातीच्या चिप आल्या. साध्या संगणकात शिकलेलं सगळं शून्य आणि एकच्या भाषेत लिहिलेलं असतं, त्याच्या हजार प्रती काढता येतात. ही चिप तशी नाही. तिच्यात कोट्यवधी अतिसूक्ष्म कोठ्या असतात आणि प्रत्येक कोठी विजेला थोडा कमी किंवा थोडा जास्त अडथळा करते. शिकणं म्हणजे तो अडथळा किंचित बदलणं. शिकलेलं वेगळं कुठे साठवलेलं नसतं, ते त्या पदार्थातच बसलेलं असतं. अशी चिप फार थोड्या विजेवर चालते, म्हणून एका माणसासाठी एक कार्ड देणं परवडतं. पण तिचं तापमान अर्ध्या अंशाने हललं तरी हिशेब बिघडतो, म्हणून तिला तेलाची एकसारखी ऊब लागते. आणि तिची नक्कल होत नाही. कोठी मोजायला गेलं की ती जराशी हलते. नक्कल काढलीच तर ती भावासारखी दिसते, पण माणूस तो नसतो.

रेवणअप्पांचं कार्ड आमच्याच केंद्रात, चार नंबरच्या टाकीत आहे. गळ्याला आणि कानामागे एक पट्टी बांधायची. मेंदूतून निघालेला, पण तोंडापर्यंत न पोचलेला अर्धामुर्धा शब्द ती पट्टी टिपते, कार्ड तो पुरा करतं आणि कॉलरवरच्या छोट्या स्पीकरमधून तो बाहेर पडतो, तोही त्यांच्याच आवाजात. बाजारात त्यांच्या लिलावांचं ध्वनिमुद्रण ढिगाने पडलं होतं. पहिले चार महिने कार्ड चुकत होतं, ते चिडत होते, कार्ड शिकत होतं. मग एका सकाळी ताटाकडे बघून ते म्हणाले, “महानंदा, ही भाकर हाय का बैलगाडीचं चाक?” मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून देव्हाऱ्यासमोर जाऊन बसले. भाकरी करपली. त्यावरही ते बोलले.

वर्षभर छान चाललं. बाजाराने त्यांना मानाने बोलावलं. रोज सकाळी पहिला ढीग रेवणअप्पांनी पुकारायचा, मग बाकीचा बाजार सुरू. तास-दीड तासाचं काम, पण त्यासाठी ते पहाटेच कपडे घालून तयार असायचे.

२०४३ च्या वैशाखात शब्द घसरायला लागले.

“उद्या लई ऊन होतं,” ते म्हणाले, आणि स्वतःच थांबले. त्यांना ‘काल’ म्हणायचं होतं. दुसऱ्या दिवशी पाणी मागितलं, त्यांना चहा हवा होता. डॉक्टरांना मुनीम म्हणाले. पहिले तीन दिवस आम्ही हसलो. चौथ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं, पुन्हा गुठळी तर झाली नाही ना, ते बघायला. मेंदूचे फोटो काढले. नवीन काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “डोकं ठणठणीत आहे. तुमच्या कार्डाकडे बघा.”

त्याच आठवड्यात त्यांनी बाजारात तुरीच्या ढिगासमोर उभं राहून हरभरा पुकारला. एकदा नाही, तीनदा. लोक आधी हसले, मग कोणीच हसलं नाही, ते जास्त वाईट. घरी येऊन त्यांनी पट्टी सोडली, घडी घालून फडताळात ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी पाठीवर हात ठेवला.

“हां,” ते म्हणाले.

कार्ड गेलं, तर दुसरं देता येतं, पण ते कोरं असतं. पुन्हा चार महिन्यांचं शिकणं, आणि या खेपेला त्यांच्यात ती चिकाटी उरलीय की नाही, कोण जाणे. मी त्यांना मनातल्या मनात सांगितलं, की तुमचा बाजार मी जाऊ देणार नाही. मग साडी खोचली आणि केंद्रावर गेले.

केंद्राची मुख्य अभियंता तन्झीला शेख. उदगीरची पोरगी, वय चौतीस, डोकं तल्लख आणि जेवणाच्या वेळा कधीच पाळत नाही. तिने आधीच चार नंबरच्या टाकीचे आकडे काढून ठेवले होते.

“मॅडम, एकट्या सरांचं कार्ड नाही,” ती म्हणाली. “टाकीत बारा कार्डं आहेत. सरांचं सगळ्यात जास्त बिघडलंय, पण शेजारची दोनही थोडी हललीत. कोठ्या ठीक आहेत. कार्डाच्या कडेला जी चांदीची टोकं आहेत ना, तिथे अडथळा वाढतोय.”

चांदीची टोकं आम्ही मुद्दाम निवडली होती. उघड्यावर चांदी काळी पडते, पण तेलात हवा कुठली? तेल शुद्ध असेल तर चांदी वर्षानुवर्षं लख्ख राहते. तिला बाधतं ते एकच, गंधक. गंधकाचा अंश तेलात उतरला की तो चांदीवर काळा थर चढवतो, आणि त्या थरातून वीज नीट जात नाही. साध्या संगणकाला त्याचं काही वाटलं नसतं. आमच्या कार्डात मात्र सगळा अर्थच विजेच्या बारीक फरकात असतो. तिथे जरा अडखळलं की ‘काल’च्या जागी ‘उद्या’ येतं.

आम्ही टाकीच्या खालच्या नळातून थोडं तेल काढलं. त्यात तांब्याची घासून चकचकीत केलेली पट्टी टाकून दीडशे अंशांवर अठ्ठेचाळीस तास ठेवली. गंधक शोधायची ही जुनी परीक्षा, विजेच्या रोहित्रांचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं, तेल तपासणारे लोक पिढ्यान् पिढ्या करत आलेत. पट्टी बाहेर काढली तेव्हा ती तव्यासारखी काळी होती.

“रबर,” तन्झीला म्हणाली. रबर पक्कं करायला गंधक वापरतात, हे खरंच. टाकीच्या झाकणाच्या कड्या पुण्याकडच्या एका कारखान्यातून आल्या होत्या. त्या माझ्या बरणीतून सहा महिने पास होऊन गेल्या होत्या, पण कोणी मधेच माल बदलला असेल तर? “त्यांचा सगळा माल परत पाठवते. पत्र आजच टाकते.”

“आधी टाकी उघडून बघू,” मी म्हटलं.

टाकी उघडली. तन्झीला भिंग घेऊन झाकणाच्या कडीवर वाकली. मी छोट्या यारीने, म्हणजे हाताने चालवायच्या क्रेनने, रेवणअप्पांचं कार्ड वर उचललं. तेल निथळत होतं. आणि कार्डाच्या मुठीला, वरच्या कोपऱ्यात, तपकिरी रंगाचा एक दोरा बांधलेला होता.

तो काळा होता, मी बांधला तेव्हा.

दीड वर्षापूर्वी कार्ड टाकीत सोडायचं होतं, त्या दिवशी सकाळी मी गंजगोलाईच्या बाजारात गेले होते. कासाराच्या दुकानातून काळा दोरा घेतला, जसा लेकरांच्या पायाला बांधतात. कार्ड यारीला लावलं, तन्झीला पलीकडे वळली, आणि मी झटकन मुठीला दोन गाठी मारल्या. दृष्ट लागू नये म्हणून. रसायनशास्त्रात पदवीवर पदवी घेतलेली, कलम चार लिहिणारी, एका लेबलासाठी कंत्राटदाराला सहा महिने ताटकळत ठेवणारी मी. वायर म्हणजे साहित्य, कडी म्हणजे साहित्य, स्क्रू म्हणजे साहित्य. दोरा मला साहित्य वाटलाच नाही. बरणीत घालायचं मनातसुद्धा आलं नाही. आणि सुती कापड काळं करायला जो सगळ्यात स्वस्त रंग वापरतात तो गंधकाचाच असतो, हे मी केंद्रातल्या नव्या पोरांना शिकवलेलं आहे.

तन्झीला अजून कडीवरच वाकलेली होती. माझ्या हाताने विचार न करता दोरा सोडवला आणि कोटाच्या खिशात टाकला.

मी माझ्या खोलीत आले, दार लावलं. पर्समध्ये त्याच दोऱ्याचं उरलेलं रीळ होतं, ते काढलं. परीक्षेला चांदीची पट्टी हवी होती. पट्ट्या कपाटात होत्या, पण एक काढली की नोंदवहीत सही करावी लागते, कशासाठी ते लिहावं लागतं. मी खाली वाकले आणि पायातलं जोडवं काढलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. घासून पुसून बरणीत टाकलं, वर तेल, वर हातभर काळा दोरा, आणि बरणी तापत ठेवली. आणि जन्मात पहिल्यांदा मी माझाच संशय खोटा ठरावा म्हणून बसून राहिले. म्हणजे जोडवं पांढरंच राहावं.

तासाभराने ते पिवळसर झालं. दोन तासांनी काळं.

त्या दोन तासांत मनात काय काय आलं, ते लपवत नाही. दोरा बाहेर आलाच आहे. तेल बदलायला लावू, कार्डं धुऊन घेऊ, दोष जाईल रबरवाल्यावर. कोणाला कळणार? पण मग पुण्याकडे कुठेतरी कोणी माझ्यासारखीच बाई बरण्या लावून बसली असेल, ती आपल्या चांगल्या रबरात नसलेलं गंधक शोधत राहील. आणि इथे बाकीची अकरा कार्डं. त्यांच्या घरीही कोणीतरी ‘काल’ आणि ‘उद्या’वरून अजून हसत असेल. मी बरणी उचलली आणि तन्झीलाच्या टेबलावर नेऊन ठेवली.

“हे काय, मॅडम?”

“माझं जोडवं.”

तिने बरणीतला दोरा बघितला. मी खिशातला तपकिरी दोरा काढून शेजारी ठेवला. सगळं सांगितलं, मुठीपासून खिशापर्यंत. मग तिने संगणकावरचं अर्धं लिहिलेलं पत्र पुसून टाकलं.

“कलम चार,” ती म्हणाली.

“माहितीये. मीच लिहिलंय.”

“तुम्ही माझ्या अब्बूंनी पाठवलेली अत्तराची बाटली टाकीच्या खोलीत आणू दिली नव्हती. झाकण बंद असताना.”

“नियम म्हणजे नियम.”

यावर ती हसली. अगदी पोट धरून हसली आणि मग तिने डोळे पुसले. तिने बिघाडाचा अर्ज उघडला. साहित्याचे नाव: काळा सुती दोरा. प्रमाण: एक वीत. बसवणाऱ्याचे नाव: म. रे. कलशेट्टी. पुढे रकाना होता, ‘वापराचा उद्देश’. तन्झीलाने माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच लिहिलं, ‘सुरक्षा’.

वरिष्ठांनी माझा सहीचा अधिकार तीन महिने काढून घेतला. बरोबर केलं. त्यांच्या जागी मी असते तर सहा महिने काढला असता. बाराही कार्डं बाहेर काढायची, ताज्या तेलात तीनदा धुवायची, टोकांवरचा थर उतरवून त्यांवर सोन्याचा मुलामा द्यायचा आणि पुन्हा टाकीत सोडून जुळवून घ्यायची, असं ठरलं. नऊ दिवस लागणार होते. धोका जुळवणीत होता. टोकांचा अडथळा बदलला, की आतल्या कोठ्यांना नव्या टोकांशी जमवून घ्यावं लागतं. बहुतेक वेळा जमतं. दुसऱ्या एका केंद्रात दहातलं एक कार्ड पुसलं गेलं होतं.

बाकीच्या अकराही घरी मी स्वतः जाऊन किंवा बोलावून सांगितलं, माझ्या दोऱ्यासकट. कोणी रागावलं, ते ऐकून घेतलं. औशाच्या मुक्ता बिराजदार, शाळेत इतिहास शिकवतात, अपघातानंतर कार्डावर बोलतात. त्या केंद्रावर आल्या ते पट्टी न बांधता, हातात पाटी घेऊन. माझं सगळं बोलणं ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, ‘दोरा फक्त नवऱ्याच्याच कार्डाला? आम्हाला दृष्ट लागत नाही?’ मला हसू आलं आणि लाजही वाटली. त्यांनी खाली आणखी लिहिलं, ‘नऊ दिवस सुट्टी. मुलं खूश.’

राहिले घरचे. त्यांना मी सगळ्यांत शेवटी सांगितलं. खरं कारण असं, की कार्ड बंद होईपर्यंत मी थांबले. ते उत्तर देऊ शकणार नाहीत, तेव्हाच मला तोंड उघडायचा धीर आला. असली हिंमत दुसऱ्या कोणी दाखवली असती तर मी तिला भेकड म्हटलं असतं.

ते ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी समोर बसून सांगितलं. दोरा, गंधक, चांदी, खिसा, जोडवं. “तुमचे शब्द मी बिघडवले,” मी म्हटलं. ते शेंगा फोडत राहिले. दाणे एका बाजूला, टरफलं एका बाजूला. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“हां,” ते म्हणाले.

आता या ‘हां’चं काय करायचं? असू दे, असाही तो असेल. चल नीघ इथून, असाही असेल. मी त्यांचा चेहरा निरखून बघितला, पण लिलाव पुकारणाऱ्याचा चेहरा तो, आतली बोली बाहेर दिसू देत नाही.

ते नऊ दिवस वाईट जातील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. मला रजा होती. सकाळी आम्ही दोघं चालत बाजारात जायचो, ते आडत्याच्या गादीवर बसायचे, हमाल त्यांच्या हातात चहा द्यायचे आणि ढीग दुसरा कोणी पुकारायचा. त्याने घाई केली की हे हाताने जमिनीकडे खूण करायचे, म्हणजे सावकाश. तो सावकाश व्हायचा. दुपारी मी धपाटे करायची आणि मोठ्याने वर्तमानपत्र वाचायची. राजकारणाच्या बातमीवर ते ज्या तऱ्हेने “हां” म्हणायचे ना, त्यात शिवी स्पष्ट ऐकू यायची. एकदा मी भाकरी मुद्दाम जाड थापली. त्यांनी ती दोन हातांत धरली, गाडीचं चाक फिरवतात तशी फिरवली, आणि आम्ही दोघं इतकं हसलो, की शेजारीण काय झालं म्हणून डोकावली. मी सुखात होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. फक्त त्या एका ‘हां’चा अर्थ मला कळला नव्हता, आणि कार्ड पुसलं गेलं तर तो कधीच कळणार नव्हता.

दहाव्या दिवशी सकाळी तन्झीला घरी आली. चार नंबरच्या टाकीत नवं तेल होतं, कार्डं आत होती, पट्टी तिने स्वतः बांधली. कॉलरवरचा हिरवा दिवा लागला. तिच्याकडे पन्नास शब्दांची यादी होती. ती चित्र दाखवायची, त्यांनी नाव सांगायचं.

पहिलं चित्र चहाच्या कपाचं. ते गप्प. तन्झीलाने माझ्याकडे बघायचं टाळलं. मी पदर मुठीत धरला होता.

“चहा,” रेवणअप्पा म्हणाले. आवाज थोडा खरखरीत होता, पण त्यांचाच होता.

मग तूर, हरभरा, खुर्ची, बैल. तिने कॅलेंडरवर बोट ठेवून विचारलं, तेव्हा काल आणि उद्याही त्यांनी वेगवेगळे सांगितले. पन्नासातले दोन शब्द अडले, कुलूप आणि छत्री. तन्झीला म्हणाली, ते वापराने परत येतील. तिने यादी पिशवीत घातली, माझ्या हाताला हात लावला, आणि बाकीची अकरा घरं करायची आहेत म्हणून चहासुद्धा न घेता गेली.

दार लागलं.

“महानंदा.”

“अहो.”

“नऊ दिवस हां म्हणू म्हणू तोंड दुखलं माझं. आता मी बोलतो, तू आईक.”

“बोला.”

“येवढी शिकलेली बाई तू. लोकाच्या वायरी नापास करतीस, अन् घरचा दोरा तसाच सोडतीस व्हय टाकीत? बारा माणसाचं बोलणं त्यात! ती औशाची मास्तरीण लेकरायला काय शिकवली आसंल मधल्या काळात? अन् मला सांगितलीस कधी, तर माझं तोंड बंद पाडून! बाजारात असं कोणी केलं तर गादीवरनं उठवत्यात त्याला.”

ते बोलत होते आणि मी एकेक शब्द तपासत होते. दोरा, बरोबर. मास्तरीण, बरोबर. गादी, बरोबर. एकही घसरला नव्हता. इतकं मनसोक्त मला कोणी कधी रागावलं नव्हतं आणि मी बसून नुसती ऐकत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं तरी.

“रडायलीस कामून?” ते म्हणाले. मग जरा थांबून, “येक सांग. तुझा इश्वास हाय का त्या दोऱ्यावर?”

“नाही.”

“मग बांधलीस कशाला?”

‘सुरक्षा’ असं त्यांना सांगून चालणार नव्हतं. “भ्याले होते,” मी म्हटलं. “दोन वर्षं तुम्ही मला नावानं हाक मारली नव्हती. कार्ड तेलात सोडायची वेळ आली, आणि मला माझं सगळं शास्त्र पाठ असून पुरेना. वाटलं, हेही गेलं तर मी काय करू?”

ते काही बोलले नाहीत.

मी वाट पाहिली. मिनिट गेलं. कॉलरवरचा दिवा हिरवाच होता. ते माझ्याकडे बघत होते, ओठ मिटलेले. जुळवणी सुटली असेल का? टोकं पुन्हा अडखळली असतील का? माझा हात तन्झीलाला फोन लावायला पुढे झाला.

“अहो,” मी म्हटलं, “शब्द येत नाही का? अडकलं का काही?”

“येतोय की,” रेवणअप्पा म्हणाले. “यंत्र बराबर हाय. मीच गप बसलोय.”

मग मीही गप्प बसले.